गिअरच्या दातांवर ग्रीस टिकवायचं कसं: स्पर्धेतल्या रोबोटच्या गिअरबॉक्ससाठी

आमच्या ड्राइव्हच्या गिअरबॉक्सचं झाकण सरावानंतर पहिल्यांदा काढलं, तेव्हा जे दिसलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. मोटरवरच्या पिनियनचे, म्हणजे जोडीतल्या लहान गिअरचे दात कापडाने पुसल्यासारखे लख्ख आणि कोरडे होते. त्याच दातांच्या दोन्ही कडांना मात्र ग्रीसचा जाड काठ साचला होता, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला गिअरच्या बरोबर समोर ग्रीसची एक सरळ रेघ उमटली होती. आदल्या संध्याकाळी आम्ही भरपूर ग्रीस लावलं होतं आणि ते जवळजवळ सगळं गिअरबॉक्समध्येच होतं. फक्त जिथे हवं होतं तिथे नव्हतं.

ग्रीस ‘संपलं’ असं आपण सहज म्हणतो. दोन-अडीच मिनिटांच्या सामन्यात ते संपत नाही, ते सरकतं. म्हणून दर वेळी वरून आणखी थापत राहण्यात अर्थ नाही. ते दाताला नीट धरून राहील आणि सरकलंच तर पुन्हा दातांवर येईल, अशी सोय करावी लागते. ही सोय कशी करायची ते इथे टप्प्याटप्प्याने लिहितोय. उदाहरणं मुख्यतः उघड्या प्लेटांच्या स्पर (सरळ दातांच्या) गिअरबॉक्सची आहेत. प्लॅनेटरी, बेव्हल आणि वर्म यांचं वेगळेपण पुढे येईल.

आधी कारण समजून घ्या: ग्रीस दात का सोडतं

कारणं तीन आहेत आणि तिन्ही एकाच वेळी चालू असतात.

पहिलं, दाब. दोन दात एकमेकांवर दाबले गेले की मधलं ग्रीस बाजूला पिळलं जातं. वरखाली गेलेलं पुढच्या दाताच्या खाचेत राहतं, पण कडेने बाहेर पडलेलं परत येत नाही. वर सांगितलेला जाड काठ तो हाच.

दुसरं, फेक. इथे आकडे मांडून बघितले की बरंच उलगडतं. २० डीपीचा १२ दातांचा पिनियन घ्या. डीपी म्हणजे डायमेट्रल पिच, पिच व्यासाच्या दर इंचामागे किती दात ते; आणि पिच व्यास म्हणजे दात जिथे एकमेकांना भेटतात त्या वर्तुळाचा व्यास. पिच व्यास १२ भागिले २०, म्हणजे ०.६ इंच किंवा १५.२४ मिमी. मोटर मिनिटाला ६००० फेरे घेत असेल तर दाताचा वेग सेकंदाला सुमारे ४.८ मीटर येतो. त्याला जोडलेला ६० दातांचा गिअरही पिच वर्तुळावर त्याच वेगाने पळतो, कारण दोघांचे दात एकमेकांत अडकलेले असतात. पण बाहेर फेकण्याचा जोर वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या या हिशेबाने ठरतो, आणि पिनियनची त्रिज्या पाचपट लहान आहे. म्हणून पिनियनच्या दातावरच्या ग्रीसला गुरुत्वाकर्षणाच्या ३०० पटींहून जास्त झटका बसतो, तर मोठ्या गिअरवर तोच साधारण ६० पट असतो. शिवाय पिनियनचा प्रत्येक दात सेकंदाला १०० वेळा दाबला जातो, मोठ्या गिअरचा २० वेळा. पिनियन आधी कोरडा का पडतो, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

आता त्याच ६० दाती गिअरच्या शाफ्टवर २० दातांचा पुढचा गिअर बसवलेला असेल तर तो मिनिटाला १२०० फेरे घेतो. त्याच्या दाताचा वेग सेकंदाला १.६ मीटर आणि फेक गुरुत्वाकर्षणाच्या जेमतेम २० पट. म्हणजे दुसऱ्या टप्प्यात फेकीची काळजी जवळजवळ संपते आणि दाबाची काळजी वाढते, कारण टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, पाचपट झालेला असतो. तुमच्या गिअरबॉक्सचा असा हिशेब एकदा कागदावर मांडून ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि कुठला गिअर किती वेळा तपासायचा हे त्यावरून ठरवता येतं.

तिसरं कारण, वाट पडणं. ग्रीस फार घट्ट असेल तर गिअर त्यातून स्वतःपुरता रस्ता कोरून घेतो. दोन्ही बाजूंना ग्रीसच्या भिंती उभ्या राहतात आणि मधून गिअर कोरडाच फिरतो. गिअरबॉक्स गच्च भरलेला असतानाही दात घासले जातात ते यामुळे.

ग्रीस निवडणं

ग्रीस म्हणजे जाड तेल नव्हे. बहुतेक ग्रीसमध्ये लिथियमसारख्या धातूच्या साबणाच्या बारीक जाळीत तेल अडकवून ठेवलेलं असतं. जाळी स्पंजसारखी तेल धरते आणि दाब-उष्णता मिळाली की थोडं थोडं सोडते. वंगणाचं काम मुख्यतः ते तेल करतं. जाळीचं काम त्याला जागेवर ठेवण्याचं.

ग्रीसच्या डब्यावर एनएलजीआय क्रमांक, म्हणजे घट्टपणाचा क्रमांक, लिहिलेला असतो. २५ अंश सेल्सिअसला, ६० वेळा घुसळलेल्या ग्रीसमध्ये ठरावीक वजनाचा शंकू किती खोल रुततो यावरून तो ठरतो. २ नंबरच्या ग्रीसमध्ये शंकू २६.५ ते २९.५ मिमी रुततो, ०० नंबरमध्ये ४० ते ४३ मिमी. हाताशी मोजमाप नसेल तर डब्यात बोटाने खड्डा करून बघा. २ नंबरमध्ये खड्डा तसाच राहतो, ०० मध्ये तो कडेने हळूहळू भरून येतो.

याच खड्ड्यावरून निवड करता येते. गिअरबॉक्स सगळ्या बाजूंनी नीट बंद असेल, गास्केट असेल, शाफ्टला ऑइल सील असतील, तर ० किंवा ०० नंबर उत्तम, कारण ते स्वतःहून परत वाहत येतं आणि वाट पडू देत नाही. पण स्पर्धेतल्या रोबोटांचे बहुतेक गिअरबॉक्स म्हणजे दोन प्लेटा, मध्ये स्पेसर आणि चारी बाजूंनी वारा. तिथे ०० नंबर घातलं तर ते पहिल्याच सरावात जमिनीवर येईल. अशा ठिकाणी १ किंवा २ नंबरचं चिकट ग्रीस घ्या. चिकटपणा आणि घट्टपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चिकट ग्रीसमध्ये पॉलिआयसोब्युटिलीनसारखं लांब साखळ्यांचं रसायन घातलेलं असतं. दोन बोटांत थोडं घेऊन बोटं हळूच लांब करा. तार सुटली आणि लगेच तुटली नाही, तर ते दाताला धरून राहील. लिथियम कॉम्प्लेक्स प्रकारचं चिकट ग्रीस स्टील आणि अ‍ॅल्युमिनियम दोन्ही गिअरना चालतं आणि माझी पहिली पसंती तेच आहे.

प्लास्टिकच्या गिअरचं गणित वेगळं. नायलॉन आणि अ‍ॅसिटल मुळातच कमी घासतात, त्यांना सिंथेटिक तेलाचं, पीटीएफई (टेफ्लॉन) मिसळलेलं ग्रीस पातळ थरात पुरतं. सिलिकॉन ग्रीस प्लास्टिकला सुरक्षित असतं, पण स्टीलवर स्टील घासतं तिथे ते कमी पडतं. म्हणून ‘सगळीकडे चालेल’ म्हणून ते धातूच्या गिअरबॉक्समध्ये भरू नका.

काही गोष्टी मात्र टाळाच. डब्ल्यूडी-४० या नावातली अक्षरं पाणी हटवण्याच्या इंग्रजी शब्दांची आहेत. १९५३ साली ४० व्या प्रयत्नात जमलेला तो फॉर्म्युला. नेहमीच्या निळ्या-पिवळ्या डब्यातला तो स्प्रे गंजलेला स्क्रू सोडवायला चांगला, पण ग्रीसवर मारला तर ग्रीस पातळ करून धुऊन नेतो. ग्रॅफाइट असलेलं ग्रीस अ‍ॅल्युमिनियमच्या गिअरना लावू नये, कारण ओलावा मिळाला की दोघांमध्ये गॅल्व्हॅनिक गंज सुरू होतो. आणि दोन वेगळ्या जातींची ग्रीस एकत्र करू नयेत. लिथियमच्या ग्रीसमध्ये बेंटोनाइट मातीचं किंवा पॉलियुरियाचं ग्रीस मिसळलं तर बऱ्याचदा दोघांची जाळी मोडते आणि तेल वाहून जातं. घट्ट असलेलं ग्रीस अचानक पातळ होऊन ठिबकायला लागलं, तर गिअरबॉक्समध्ये आधी कोणतं ग्रीस होतं ते विचारा.

पहिला टप्पा: दात खरोखर स्वच्छ करणं

हा टप्पा सगळ्यांत जास्त गाळला जातो आणि सगळ्यांत जास्त फरक हाच पाडतो. नव्या स्टीलच्या गिअरवर गंज लागू नये म्हणून तेलाचा थर दिलेला असतो. त्यावर ग्रीस लावलं तर ते धातूला न चिकटता त्या तेलावर तरंगतं आणि पहिल्या फेरीतच सालीसारखं निघून येतं.

गिअर शाफ्टवरून काढा. रॉकेल किंवा मिनरल स्पिरिट ताटलीत घेऊन जुन्या टूथब्रशने प्रत्येक खाच घासा, कोरड्या कापडाने पुसा, मग ब्रेक क्लीनरचा हलका फवारा द्या आणि पूर्ण वाळू द्या. काम मोकळ्या हवेत, ठिणगी-ज्योतीपासून लांब, नायट्राइलचे हातमोजे घालून करा. शेवटी पांढरा टिश्यू दातांवरून फिरवा. टिश्यूवर करडा डाग येत असेल तर पुन्हा धुवा.

दोन ठिकाणी हात आवरा. बेअरिंगवर क्लीनर मारू नका. झेडझेड लिहिलेल्या बेअरिंगला धातूची चकती असते आणि तिच्या फटीतून क्लीनर आत जाऊन कारखान्यात भरलेलं ग्रीस धुऊन टाकतो. २आरएसचं रबरी सीलही ब्रेक क्लीनरने खराब होऊ शकतं. बेअरिंग फक्त बाहेरून पुसायचं. आणि पॉलिकार्बोनेटच्या झाकणाला ब्रेक क्लीनर लागू देऊ नका; स्क्रूच्या भोकांभोवती केसाएवढ्या चिरा पडतात आणि पुढच्या टकरीत झाकण तिथूनच फुटतं. द्रव थ्रेडलॉकरही पॉलिकार्बोनेटला तसाच चिरतो.

थ्रेडलॉकरवरून आठवलं. ज्या स्क्रूंना तो लावायचा आहे ते ग्रीसच्या आधी लावून, पूर्ण वाळवून मोकळे व्हा. तेलकट आट्यांवर तो नीट धरत नाही, आणि सैल झालेला मोटरचा स्क्रू पिनियन तिरका करतो. मग कुठलंही ग्रीस कामाला येत नाही.

दुसरा टप्पा: गिअर कोरडेच फिरवून बघा

ग्रीस वाकडी जुळणी झाकतं, आवाज दाबतं. म्हणून बसवलेला गिअरबॉक्स आधी कोरडा, हाताने, पूर्ण एक फेरी फिरवा. कुठे अडतोय, कुठे घट्ट-सैल होतोय हे बोटांना कळतं.

दोन शाफ्टमधलं अंतर मोजा. १२ आणि ६० दातांची बेरीज ७२, भागिले २० च्या दुप्पट म्हणजे ४०, उत्तर १.८ इंच, ४५.७२ मिमी. त्यात ०.०५ ते ०.०८ मिमी जास्तीचं अंतर बऱ्याच टीम मुद्दाम ठेवतात. दातांमधला हा खेळ, म्हणजे मोकळी फट, शून्य असेल तर दाताच्या मागच्या बाजूलाही दाब येतो आणि ग्रीसला थांबायला जागाच उरत नाही, दोन्हीकडून पिळून बाहेर पडतं. खेळ जास्त असेल तर दिशा बदलताना दात आपटतात.

जुळणी बघायची सोपी रीत: मोठ्या गिअरच्या सलग पाच-सहा दातांवर मार्करने रंग लावा, गिअर फिरवा आणि रंग कुठे निघाला ते पाहा. दाताच्या पूर्ण रुंदीवर सारखा निघाला तर उत्तम. फक्त एका कडेला निघाला तर शाफ्ट तिरका आहे. आमच्या एका गिअरबॉक्समध्ये रंग फक्त आतल्या बाजूच्या एक-तृतीयांश रुंदीवर निघाला होता. एक स्पेसर बाकीच्यांपेक्षा थोडा आखूड होता, एवढंच. तो बदलल्यावर त्या बाजूचं ग्रीस उडणं जवळजवळ थांबलं.

तिसरा टप्पा: लावणं

इथे घाई नको. बॅटरी काढलेली असली पाहिजे, नुसती बंद केलेली नव्हे. बोट दातांजवळ असताना कुणी चुकून कंट्रोलर दाबला तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

छोट्या, कडक केसांच्या ब्रशवर ग्रीस घ्या आणि एकेका दातावर दोन्ही बाजूंनी घासून बसवा. घासून म्हणजे रगडून. वरून टेकवलेलं ग्रीस उडतं, रगडलेलं धातूच्या खरखरीत पृष्ठभागात शिरतं. दात संपला की खाचेच्या तळाला थोडं जास्त ठेवा. तो साठा आहे. पिच रेषेजवळ दात एकमेकांवर लोळतात, पण टोकाजवळ आणि मुळाजवळ ते घसरतात आणि घासणं तिथे जास्त असतं. म्हणून मूळ कोरडं राहिलेलं चालत नाही.

किती लावायचं? माझं माप असं: दाताचा आकार ग्रीसखालून ओळखू आला पाहिजे, पण धातूचा रंग दिसता कामा नये. खाचा पूर्ण बुजल्या असतील तर जास्त झालं. जास्तीचं ग्रीस लगेच कडेने बाहेर पडतं, आणि पडताना दातावर बसलेल्या थरालाही सोबत घेऊन जातं. शिवाय ते घुसळण्यात मोटरची ताकद जाते आणि उष्णता तयार होते. उष्णतेने ग्रीस पातळ होतं, पातळ झालेलं आणखी उडतं. बंद गिअरबॉक्समध्ये पातळ ग्रीस भरताना मोकळ्या जागेचा तिसरा हिस्सा ते निम्मा एवढं पुरतं.

पिनियनला मोठ्या गिअरपेक्षा जास्त ग्रीस द्यायचा मोह होतो, कारण तो आधी कोरडा पडतो. उलट करा. साठा मोठ्या गिअरवर ठेवा. तिथे फेक पाचपट कमी आहे, ग्रीस जास्त वेळ थांबतं, आणि मोठा गिअर दर फेरीत पिनियनला ग्रीस देत राहतो. ही एक गोष्ट बदलल्यावर आमचा पिनियन कोरडा पडायला लागणारा वेळ स्पष्टपणे वाढला.

मोटरच्या शाफ्टवर पिनियन दाबून बसवायचा असेल तर शाफ्ट आणि भोक कोरडं ठेवा. ग्रीस दातांसाठी आहे, पकडीसाठी नाही.

चौथा टप्पा: चालवा, उघडा, पुन्हा नीट करा

पहिल्या लावण्यावर कधीच थांबू नका. रोबोट ठोकळ्यांवर उचलून ठेवा, चाकं अधांतरी. पाव वेगाने दोन-तीन मिनिटं पुढे, तेवढीच मागे. मग अर्ध्या वेगाने तसंच. गिअरबॉक्सच्या बाजूला, दातांपासून सुरक्षित अंतरावर, पांढरा पुठ्ठा टेपने चिकटवून ठेवा. थांबवल्यावर पुठ्ठ्यावरची रेघ सांगते कुठला गिअर किती फेकतोय आणि कोणत्या दिशेला. दोन समांतर रेघा असतील तर ग्रीस दातांच्या कडांवरून उडतंय, म्हणजे कडांवर जास्त साचलंय. एकच जाड रेघ असेल तर दातांच्या टोकांवरून.

आता बॅटरी काढा, कडांवरचा काठ चपट्या लाकडी काडीने उचलून परत खाचांत भरा आणि जे प्लेटवर पडलंय ते पुसून टाका. प्लेटवरचं परत वापरू नका, त्यात ड्रिलिंगची चूर असू शकते.

गिअर नवे असतील तर पहिल्या वीसेक मिनिटांच्या चालण्यानंतर सगळं ग्रीस पुसून नवीन लावा. नव्या दातांचे उंचवटे झिजून त्यांची बारीक भुकटी ग्रीसमध्ये येते. अ‍ॅल्युमिनियमच्या गिअरवर हे विशेष कळतं: ग्रीस काही मिनिटांत करडं, मग काळं होतं. या काळेपणात अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड असतं, आणि पॉलिश पेपरवर खरखरीत कण असतात ते बहुधा याच पदार्थाचे. म्हणजे काळं ग्रीस दातांमध्ये ठेवणं म्हणजे पॉलिश पेपर ठेवणं. हार्ड अ‍ॅनोडाइज केलेल्या गिअरवर दाताच्या मधोमध रंग उडून चांदीसारखी चकचकीत पट्टी दिसायला लागली की समजा, वरचा कठीण थर गेला. खालचा मऊ धातू झपाट्याने झिजतो. त्या गिअरची बदली पेटीत ठेवा.

पाचवा टप्पा: भिंत

उडालेलं ग्रीस परत आणायचं तर त्याच्या वाटेत काहीतरी हवं. झाकण धुळीसाठी असतं असं समजलं जातं. माझ्या मते ग्रीससाठी ते जास्त गरजेचं आहे.

झाकण गिअरपासून किती लांब यावर सगळं अवलंबून आहे. दहा मिमी लांब असेल तर उडालेलं ग्रीस झाकणाला चिकटतं आणि तिथेच राहतं, जसं आमचं झालं होतं. दातांच्या टोकांपासून दीड-दोन मिमीवर झाकण असेल तर चिकटलेला थर थोडा वाढला की गिअर तो पुन्हा उचलतो. बाजूच्या प्लेटही गिअरच्या कडेपासून अशाच जवळ असतील तर कडेने पिळलेलं ग्रीस दूर जाऊ शकत नाही. मात्र टक्कर बसल्यावर झाकण वाकून गिअरला लागणार नाही याची खात्री करा. दोन्ही टोकांना स्क्रू आणि मध्ये एखादा स्पेसर एवढ्याने भागतं.

दीड मिमीची पॉलिकार्बोनेट शीट गिअरच्या गोलाईप्रमाणे वाकवून लावता येते. थ्रीडी प्रिंट करणार असाल तर पीईटीजी घ्या. पीएलए साधारण ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि तापलेल्या मोटरला लागून असलेलं झाकण तेवढं गरम होऊ शकतं. प्रिंट करताना आतल्या बाजूला, दात एकमेकांत शिरतात त्याच्या अलीकडे, एक तिरकी पट्टी ठेवा. झाकणाला लागून पुढे सरकणारं ग्रीस तिच्यावर अडतं आणि बरोबर मेशच्या, म्हणजे दात जिथे एकमेकांत अडकतात त्या जागेच्या, तोंडाशी पडतं. छोटा बदल आहे, पण मला आजवर सगळ्यांत जास्त समाधान याच पट्टीने दिलंय.

झाकणाला दुसरं कारण नियमाचंही आहे. फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन या शालेय संघांच्या रोबोट स्पर्धेच्या नियमांत वंगण फक्त रोबोटच्या आतलं घर्षण कमी करायला वापरता येतं. मैदानाला किंवा दुसऱ्या रोबोटला ते लागता कामा नये. शिवाय स्वतःच्याच रोबोटवर उडालेलं ग्रीस रबरी चाकांवर, बेल्टवर किंवा ऑप्टिकल सेन्सरवर बसलं तर दोष भलतीकडे शोधत बसावं लागतं.

झाकण लावूनही एखादा गिअर कोरडा पडतच असेल तर उघड्या रॅक-पिनियनवर वापरतात ती युक्ती करून बघा: कमी वेगाच्या मोठ्या गिअरच्या दातांना हलका टेकेल असा नमद्याचा तुकडा, गिअर ऑइलमध्ये भिजवून, ब्रॅकेटवर बसवायचा. तो ग्रीसला लागणारं तेल थोडं थोडं देत राहतो. तुकडा सुटून दातांत जाणार नाही असा स्क्रूने धरलेला हवा, नुसता चिकटवलेला नको.

प्लॅनेटरी, बेव्हल आणि वर्म

प्लॅनेटरी गिअरबॉक्समध्ये मधल्या ‘सन’ गिअरभोवती छोटे ‘प्लॅनेट’ गिअर फिरतात. तो या बाबतीत सुदैवी आहे. बाहेरची रिंग आतून दाती असते, त्यामुळे उडालेलं ग्रीस थेट दातांतच जाऊन पडतं. कोरडा पडतो तो मधला सन गिअर आणि प्लॅनेट ज्यांवर फिरतात त्या पिना. म्हणून जोडताना पिनांना वेगळं ग्रीस लावा आणि सन गिअरच्या खाचा भरा. आत भरायला सुई नसलेली सिरिंज सोयीची. मोटर वर आणि गिअरबॉक्स खाली अशी मांडणी असेल तर ठीक. उलटी असेल तर २ पेक्षा पातळ ग्रीस नकोच, मोटरच्या बेअरिंगची चकती तेल अडवायला बनवलेली नसते.

बेव्हल गिअरवर (शंकूच्या आकाराचा, दिशा वळवणारा गिअर) ग्रीस दाताच्या लहान टोकाकडून मोठ्या टोकाकडे सरकतं, कारण तिकडे त्रिज्या वाढत जाते. म्हणून ग्रीस लहान टोकाला जास्त लावा. स्वर्व्ह मॉड्यूलमध्ये (फिरता फिरता दिशाही बदलणाऱ्या चाकाच्या जोडणीत) हा गिअर चाकाच्या अगदी शेजारी असतो आणि मैदानावरच्या गालिच्याचे तंतू त्यात शिरतात. तंतू ग्रीसमधलं तेल शोषून घेतात आणि मागे राहतो तो नुसता कोरडा साबणाचा गोळा. चिमट्याने तंतू उपसल्याशिवाय वरून नवीन ग्रीस लावू नका.

वर्म गिअरमध्ये (स्क्रूसारखा वर्म आणि त्याने फिरणारं दाती चाक) दात लोळत नाहीत, जवळजवळ पूर्ण घसरतात, म्हणून तापतात. चाक ब्राँझचं असेल तर गंधक असलेली ‘ईपी’ (जास्त दाबासाठीची) ग्रीस टाळा. गरम झाल्यावर सक्रिय गंधक तांब्याच्या मिश्रधातूंना खातं.

स्पर्धेच्या दिवशी

पिटमध्ये, म्हणजे दोन सामन्यांच्या मधे रोबोट दुरुस्त करायच्या जागेत, वेळ कमी आणि हात जास्त असतात. एकाच माणसाकडे गिअरबॉक्सची जबाबदारी द्या, नाहीतर तिघंजण तीन वेळा ग्रीस लावतात. त्याचं काम सामन्यागणिक एवढंच:

१. बॅटरी काढल्यावर गिअरबॉक्सला आणि मोटरला हात लावून बघणं. एका बाजूचा दुसऱ्यापेक्षा बराच गरम असेल, तर ती बाजू उघडायची.

२. चाक हाताने फिरवून आवाज ऐकणं. ग्रीस असलेल्या गिअरचा आवाज भरलेला, मऊ येतो. कोरड्याचा खणखणीत, दात मोजता येतील असा.

३. टॉर्च मारून पिनियन बघणं. धातू चमकताना दिसला तर मोठ्या गिअरवर दोन-तीन ठिकाणी ग्रीस लावून हाताने चार-पाच फेऱ्या.

साधारण चार-पाच सामन्यांनी, किंवा मध्ये मोठी सुट्टी मिळाली की, झाकण काढून कडांवरचं ग्रीस परत खाचांत. झाकण काढायला वेळच नसेल आणि मेश हाताला येत नसेल, तर बारीक नळीचा चिकट चेन स्प्रे चालतो. तो पातळ असतानाच आत शिरतो, द्रावक उडून गेल्यावर चिकट थर मागे राहतो. पण मारून लगेच रोबोट पळवला तर सगळं बाहेर येतं. वीसेक मिनिटं थांबता येत असेल तरच मारा, आणि पॉलिकार्बोनेटवर नको.

यापेक्षा भरवशाचं एक माप आहे, ते म्हणजे बिनओझ्याचा करंट. गिअरबॉक्स नीट लावून, चालवून झाल्यावर, चाकं अधांतरी ठेवून एका ठरावीक व्होल्टेजवर मोटर किती अँपिअर घेते ते नोंदवा. पाच मिनिटं गरम करून मगच मोजा, थंड ग्रीस जास्त करंट ओढतं. स्पर्धेच्या सकाळी तसंच मोजा. डावी-उजवी बाजू एकमेकांशी आणि जुन्या नोंदीशी ताडून पाहा. आकडा चढला असेल तर कारण ग्रीस जास्त झालं, कमी झालं, शाफ्ट तिरका झाला किंवा बेअरिंग गेलं यांपैकी एक असतं. कोणतं ते झाकण काढल्यावर दिसतं. आवाजावरून वाद घालण्यात जाणारा वेळ या एका आकड्याने वाचतो.

मोसम संपल्यावर रोबोट महिनोन्‌महिने उभा राहणार असेल तर ग्रीसमधून तेल सुटून खाली जमतं. ते परत मिसळायच्या भानगडीत पडू नका. सगळं पुसून, स्टीलच्या गिअरवर तेलाचा पातळ हात फिरवून ठेवा, आणि गिअरबॉक्सवर टेपची एक पट्टी लावून त्यावर लिहा: कोणतं ग्रीस, कोणत्या तारखेला लावलं, बिनओझ्याचा करंट किती होता. पुढच्या वर्षी तो गिअरबॉक्स उघडणारा मुलगा किंवा मुलगी नवीन असेल, आणि कोणतं ग्रीस आधी धुऊन काढायचं हे त्यांना त्या पट्टीवरूनच कळेल.